चाळीस मीटर कमी

वाऱ्याची मोट बांधता येत नाही म्हणतात.
इथे, चेक लाप कोकला, तळमजल्याच्या गार खोलीत
रोज तेवीस वेळा बांधतात.
चोविसावी खेप यंत्राच्या देखभालीसाठी राखून.

दर खेपेला लांताऊ बेटाचे चौकोन पाडायचे,
दोनशे मीटर लांब, दोनशे मीटर रुंद,
प्रत्येकाला एक उंची, एक तापमान, वाऱ्याची एक दिशा,
मग हजारो प्रोसेसरांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखं
एकमेकांना विचारत सुटायचं:
तुझ्याकडून किती आला? माझ्याकडून किती गेला?
पंखे घोंघावतात
ते या चौकशांचा ताप उतरावा म्हणून.

युत-हिंगची रात्रपाळी.
मार्च संपत आलाय, तरी अंगात लोकरीचं जाकीट,
आणि पडद्यावर फुंग-वाँग शिखर.
खरं शिखर नऊशे चौतीस मीटर.
पडद्यावरचं आठशे चौऱ्याण्णव.
चौकोनाची सरासरी काढताना टोक उतरतं;
कोणी कापत नाही, आपोआप जातं,
गणित सभ्य असतं.
दुरून डोंगर साजरे,
हा तर आतूनच साजरा करून ठेवलेला.

ते चाळीस मीटर तिच्या ओळखीचे आहेत.
शाळेत असताना वडील तिला वर घेऊन गेले होते.
ताइ ओला ते कोळंबीचं वाटण उन्हात घालायचे,
वाऱ्याशी त्यांचं रोजचं भांडण.
टोकावर तिची टोपी उडाली,
खाली विमानतळाकडे निघाली,
आणि मध्येच अडून
परत वर आली, त्यांच्या डोक्यांवरून गेली.
"बघ," वडील म्हणाले, "काहीतरी मागे फिरलं."
एवढंच.
टोपी मिळाली नाही.

पहाटे चार चाळीसची खेप.
आग्नेयेचा वारा डोंगरावरून घसरून
दक्षिण धावपट्टीच्या पश्चिम टोकाला
पिवळा.
लाल झाला असता तर यंत्रच बोललं असतं,
टॉवरमध्ये घंटा, वैमानिकाच्या कानात इशारा.
पिवळ्याला यंत्र काही म्हणत नाही.
पिवळं माणसाच्या वाट्याचं.

रांगेत अकरा विमानं.
तिने मनातल्या मनात शिखरावर चाळीस मीटर ठेवले,
नीट, पडू नयेत असे,
आणि फोन उचलला.
टॉवरमध्ये रोझारियो होता.
"यंत्र म्हणतंय?"
"नाही. मी म्हणतेय."
तिकडे थोडा वेळ फक्त कागदांचा आवाज.
"बरं."

अँकरेजहून आलेलं मालवाहू इशारा ऐकूनही उतरलं.
वैमानिकाने कळवलं: वारा गुळगुळीत.
पर्थहून आलेलं उतरता उतरता वर उचललं गेलं,
एक फेरी, दुसरी फेरी, इंधन मोजलं,
आणि ते काओशुंगला निघून गेलं.
बाकीची समुद्रावर घिरट्या घालत राहिली.
पाच वीसला पिवळा पुसला गेला.
नोंदवहीत दोन रकाने.
इशारा: दिला. घटना: नाही.

पर्थच्या विमानात लो चॅक-वा नावाचा गृहस्थ होता.
काकांच्या अंत्ययात्रेला साडेचार तास उशिरा पोचला.
त्याने तक्रार लिहिली, शिव्या नव्हत्या तिच्यात,
फक्त विचारलं होतं, वारा होता का?

उत्तर द्यायचं युत-हिंगवर आलं.
तिने चार ओळी लिहिल्या,
शिखराबद्दल, सरासरीबद्दल.
साहेबांनी त्या काढून
'सुरक्षिततेच्या दृष्टीने' एवढं ठेवलं.
तेही खोटं नव्हतं.

पण प्रश्न तिच्यापाशीच राहिला.
वारा होता का?
विमान जिथून गेलंच नाही
तिथे काय होतं, हे कोणत्या यंत्राला विचारायचं?
चौकोन शंभर मीटरचे करणार आहेत पुढच्या वर्षी,
नवी यंत्रं येतील, नवे पंखे.
तेव्हाही वर थोडंसं उरेल.
त्या उरलेल्यात कुठेतरी एक टोपी,
निळी, कानांवर ओढायची, आत नाव लिहिलेली.

पाच चाळीसची खेप सुरू झाली.
तुझ्याकडून किती आला,
माझ्याकडून किती गेला.
थर्मासमध्ये घोटभर चहा होता, गार.
तिने तो प्यायला.